दर विचारता, दुरुस्ती विचारा

घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं की आपण दोनच गोष्टी विचारतो: स्पीड किती आणि महिन्याला किती. दोन्ही प्रश्न अपुरे आहेत आणि कंपन्यांना ते अपुरेच सोयीचे आहेत. विचारायचे ते तीन प्रश्न वेगळे. वर्षाला खिशातून एकूण किती जाणार? रात्री नऊला स्पीड किती मिळणार? आणि वायर तुटली तर कोण येणार, कधी येणार?

आधी खिशाचं बघू. 1 सप्टेंबर 2020 पासून जिओनं फायबरचे जे दर लावले, त्यांनी बाजाराचा साचा ठरवला: 399 रुपयांत 30 एमबीपीएस, 699 रुपयांत 100. बाकीच्यांचे दरही याच्याच आगेमागे फिरतात. पण जाहिरातीतले 399 रुपये कुणीच भरत नाही. त्यावर 18 टक्के जीएसटी चढतो आणि बिल होतं 470 रुपये 82 पैसे. 699 चे होतात 824 रुपये 82 पैसे. वर्षाचा हिशोब मांडा: तीसवाल्याचे साधारण 5,650 रुपये, शंभरवाल्याचे 9,898. फरक 4,248 रुपयांचा. वाळवा तालुक्यात शेतमजुरीवर घर चालवणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटणार नाही.

या 4,248 रुपयांत जास्तीचं काय मिळतं? एका टीव्हीवर फुल एचडी सिनेमा बघायला नेटफ्लिक्स स्वतः 5 एमबीपीएस पुरेसे सांगतं. घरात चार पडदे एकाच वेळी चालू धरले तरी 20 होतात. म्हणजे चार माणसांच्या घराला खरोखर मिळणारे 30 एमबीपीएस पुरून उरतात. शंभरची गरज आहे ती मोठ्या फाइली रोज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याला किंवा पुण्याच्या कंपनीचं काम आपल्या आष्ट्यात बसून करणाऱ्या पोरा-पोरीला. त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांनी शेजाऱ्यानं घेतलं म्हणून घेऊ नये.

आकड्यातली एक मेख अजून पुष्कळांना कुणी सांगितलेली नाही. एमबीपीएस हा बिटचा हिशोब आहे आणि मोबाइलमधली फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे शंभरच्या कनेक्शनवर सेकंदाला शंभर एमबी उतरत नाहीत, साडेबारा उतरतात. तीसच्या कनेक्शनवर पावणेचार. एक जीबीची फाइल तीसवर साडेचार मिनिटांत येते, शंभरवर दीड मिनिटाच्या आत. या तीन मिनिटांसाठी वर्षाला सव्वाचार हजार मोजायचे का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तीच गत ‘अनलिमिटेड’ची. बहुतेक फायबर प्लॅनना महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, ती संपली की स्पीड उतरतो. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला 3 जीबी खातो. महिन्याचे तास 720. म्हणजे एक टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी ही मर्यादा संपत नाही. ‘वरचा प्लॅन घ्या, डेटा कमी पडंल’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे गणित करून दाखवा. छतावर डबा बसवून टॉवरवरून येणाऱ्या जिओच्या एअरफायबरला मात्र मर्यादा 1,000 जीबीची ठेवली होती. म्हणजे दिवसाला अकरा तास. दोन टीव्ही आणि चार मोबाइल असलेल्या घरानं तिथं जपून राहावं.

आता रात्रीचे नऊ. दुपारी साइट फटाफट उघडते आणि रात्री मालिका गोल गोल फिरत अडकते, हा अनुभव घरोघरी आहे. कारण साधं आहे. फायबरची एक तार स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या तारेतून घरांकडे सेकंदाला जवळपास अडीच गिगाबिट येतात. 64 घरांनी एकाच क्षणी ओढायचं म्हटलं तरी प्रत्येकी 39 एमबीपीएस वाट्याला येतात. म्हणजे गल्लीतली तार कमी पडत नाही. कमी पडतं ते पुरवठादारानं वरून विकत घेतलेलं नेट. शंभर एमबीपीएस शंभर घरांना विकायचे आणि वरून घ्यायचे मोजकेच, ही सर्वमान्य रीत आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनंच 2009 साली घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास हे प्रमाण मार्गदर्शक म्हणून घालून दिलं होतं. नळाला पाणी सुटल्यावर सगळ्या गल्लीनं एकदम मोटारी लावल्या की शेवटच्या घराला जे मिळतं, ते रात्री नऊला नेटचं होतं.

म्हणून कनेक्शन घेण्याआधी कंपनीच्या माणसाला विचारू नका, त्याच कनेक्शनवरच्या शेजाऱ्याला विचारा. रात्री नऊला त्याच्या घरी जा, राउटरच्या शेजारी उभं राहून ट्रायच्या मायस्पीड ॲपवर स्पीड मोजा. जाड भिंतीच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीत मोजलं तर दोष भिंतीचा निघेल, म्हणून राउटरजवळच मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यावर वर्षाचे पैसे ठरतात.

आता दुरुस्ती. आपल्या भागात सगळ्यात जास्त घरं अडतात ती इथं. आष्ट्यासारख्या गावात फायबर जमिनीखालून कमी आणि डोक्यावरून जास्त जाते. खांबावरून खांबावर, झाडावरून गच्चीवर, रस्ता ओलांडून. गळीत हंगाम लागला की उसानं शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याकडं निघतात. खाली लोंबणारी तार ट्रॉलीवरच्या उसाला अडकली की तुटलीच. तांब्याची तार पिळून जोडता येत होती. ही काचेची, केसाएवढी. तिला स्प्लायसिंगचं मशीन लागतं आणि ते चालवणारा माणूस लागतो. घरात राउटरवर लाल लाइट लुकलुकायला लागतो, फोन केला की उत्तर येतं, ‘वरनंच बंद हाय, दादा. उद्या हुईल.’ तो उद्या दोन दिवसांनी येतो, कधी आठवड्यानं. त्या आठवड्यात 30 आणि 100 यांत काडीचा फरक नसतो. दोन्ही शून्य.

उरलेल्या तारा रस्त्याची खोदाई तोडते. जेसीबीनं तार तुटू नये म्हणून केंद्र सरकारनं 22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्यानं आधी कळवायचं, खाली कुणाची तार आहे ते बघायचं, मग बकेट लावायचं. नगरपरिषदेनं रस्त्याच्या आणि गटारीच्या प्रत्येक ठेक्यात ही अट घालावी. काँक्रीटचा रस्ता करतानाच कडेनं एक रिकामा पाइप टाकावा आणि सगळ्या कंपन्यांकडून भाडं घेऊन त्यांच्या तारा त्यातून न्याव्यात. खर्च एकदाच होईल, भाडं दरवर्षी येईल आणि उसाची ट्रॉली तारेला शिवणार नाही.

हे आपल्यालाच का करावं लागेल, तेही सांगतो. सरकारचं भारतनेट हे इंटरनेटचं जाळं ग्रामपंचायतींसाठी आहे आणि आष्ट्याला नगरपरिषद आहे. कंपन्यांच्या नव्या सेवा आधी मोठ्या शहरांत उतरतात. जिओचं एअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला सुरू झालं ते आठ शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे. खेडं सरकारच्या यादीत, महानगर कंपनीच्या यादीत, आणि मधलं गाव दोन्हीकडं नाही. केरळनं जून 2023 मध्ये के-फोन नावाचं स्वतःचं इंटरनेट जाळं उभं केलं, 299 रुपयांत 20 एमबीपीएस दिले आणि 20 लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी द्यायचं ठरवलं. इंटरनेट ही रस्त्या-पाण्यासारखी गरज आहे हे त्या राज्यानं मानलं. अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या गावानं ते मानायला आणखी किती वर्षं घ्यायची?

विजेचंही एक सांगून ठेवतो. गल्लीतल्या खांबावरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. त्यामुळे पुरवठादाराच्या ऑफिसात बॅकअप असेल आणि तुमच्या राउटरला छोटा यूपीएस असेल, तर लाइट गेली तरी नेट जायचं कारण नाही. बॅकअप किती तासांचा आहे, हे कनेक्शन घेतानाच विचारा. आणि फिटिंग फुकट मिळतंय म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. पैसे आधी गेले की दुरुस्तीची घाई फक्त तुम्हालाच उरते. सुरुवातीला तीन महिन्यांच्या पुढं जाऊ नका.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. घरच्या तारेच्या इंटरनेटमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, पोस्टपेडला आणि प्रीपेडलाही. हा हक्क आपण मागत नाही, कारण आपण वायरमनच्या मोबाइलवर फोन करतो आणि गप्प बसतो. त्या फोनची नोंद कुठंच होत नाही, म्हणून कागदावर तुमचं नेट कधी बंदच नव्हतं. यापुढं लाल लाइट दिसला की आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, तक्रार क्रमांक घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि चौथ्या दिवशी त्या क्रमांकासह भरपाई मागा. वायरमनला फोन त्यानंतर.