चार मीटरचे तात्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बेंबळीतल्या आमच्या गल्लीत तात्या टेप घेऊन उतरतात. फटाका फुटणार तिथं खडूची फुली आणि तिथून मोजून 4 मीटरवर चुन्याची रेघ. नियमाप्रमाणं एवढ्या अंतरावर आवाज 125 डेसिबलच्या आत पाहिजे. डेसिबल मोजायचं यंत्र तात्यांकडं नाही. रेघेवर उभं राहून त्यांनी कानात बोट घातलं, की तो फटाका बेकायदा.

23 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ची वेळ बांधून दिली. निकाल दिल्लीत लागला आणि बेंबळीत तात्यांना कंठ फुटला. आठला दोन मिनिटं कमी असताना एखादं पोरगं उदबत्ती पुढं करतं. ‘थांब की लेका, आठ वाजू दे!’ लड तर बंदच. मग पोरं ओट्यावर बसून तीच लड उसवतात आणि एकेक लवंगी फोडतात. विकायलाच बंदी असलेली लड गावात आली कुठून, हे तात्या विचारत नाहीत. दुकान त्यांच्या मेव्हण्याचं आहे.

एकदा कुणी तरी ‘हिरवा फटाका’ म्हणून लाल कागदाचा आणला. तात्यांनी चष्मा पुसून खोक्यावरचा शिक्का वाचला आणि गल्लीला समजावलं, ‘हिरवा रंगाला नाही म्हणत, धुराला म्हणत्यात. नागपूरच्या नीरी संस्थेनं काढलाय, धूर 30 टक्के तरी कमी.’

स्वतः मात्र तात्या काही पेटवत नाहीत. एका हातात टेप, दुसऱ्यात घड्याळ. उदबत्ती धरायला हात रिकामा कुठाय?

गेल्या दिवाळीत नातीनं पेटलेली सुरसुरी पुढं केली. ‘तात्या, धरा की!’ तात्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाआठ. खोक्यावर शिक्का होता, आवाज नव्हता. एकही कलम मदतीला येईना. शेवटी हात लांब करून, मान फिरवून, डोळे गच्च मिटून तात्यांनी ती धरली. विझल्यावरही बराच वेळ तशीच धरून होते.

तेव्हा गल्लीला उमगलं. तात्या लहानपणापासूनच भितात, 2018 साली फक्त त्या भीतीला कायदा सापडला.

पण गल्लीच्या टोकाला कडब्याच्या गंजी आहेत आणि दिवाळीत त्यांतली एकही आजवर पेटलेली नाही. यंदा चुना आम्हीच आणून ठेवलाय.