हात न लावण्याची सेवा

अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या बर्फगाड्यांच्या (स्लेज) शर्यतीला स्वयंसेवक म्हणून जायचं मनात असेल, तर मराठी माणसानं थंडीची काळजी आधी सोडावी. उणे 40 अंशांवर सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, तेवढा हिशेब तरी वाचतो. खरी पंचाईत निराळीच. अँकरेज ते नोम अशा सुमारे 1600 किलोमीटरच्या वाटेवर स्वयंसेवकाचं मुख्य काम मदत न करण्याचं आहे. ‘आणखी एक जिलबी घ्याच’ असं म्हटल्याशिवाय ज्यांची पंगत उठत नाही, त्यांच्या हे रक्तातच नाही.

सुरुवातीपासूनच उलटा कारभार. मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर समारंभापुरती दौड होते. त्यासाठी रस्त्यावर ट्रकांनी बर्फ आणून पसरतात. 2016 मध्ये तर तो फेअरबँक्सहून रेल्वेनं मागवला होता. (अलास्कात बर्फाची टंचाई!) स्लेजला जुंपलेली डझनभर कुत्री केकाटतात, जागच्या जागी उसळतात, दोर चावतात. त्यांना ‘पळा’ म्हणावं लागत नाही. त्यांना आवरून धरायला मात्र माणसं लागतात, आणि तेच स्वयंसेवक. पळणाऱ्याला अडवणं ही त्यांची पहिली सेवा.

पुढच्या मुक्कामांवर ती आणखी अवघड होते. रात्री दोन वाजता स्लेज हाकणारा मशर पोचतो. झोपेनं त्याचे डोळे मिटत असतात, पण तो कुत्र्यांखाली गवत पसरतो, बर्फ वितळवतो, मांस भिजवतो आणि वाकून एकेका पंजाचा कापडी मोजा सोडवतो. 16 कुत्री म्हणजे 64 मोजे, आणि बोटं लाकडासारखी झालेली. दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला स्वयंसेवक येण्याची वेळ टिपतो, कुत्री मोजतो. मोज्याला हात लावायचा नाही, कारण कुत्र्यांची देखभाल मशरनंच करायची. याच नियमावलीत असंही आहे की वाटेत स्वसंरक्षणार्थ मूस (अजस्र हरीण) मारावा लागला, तर मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यानं थांबून त्याची आतडी काढायला हातभार लावावा. 2024 मध्ये स्वतः मारलेल्या मूसची आतडी नीट न काढल्याबद्दल मशर डॅलस सीव्हीला दोन तासांचा दंड झाला. तरी जिंकला तोच.

हा निर्दयपणा नाही का? तसं दिसतं खरं. पण मदतीला मोकळीक दिली, तर ज्याचे गावोगावी सोयरे जास्त त्याचीच कुत्री ताजीतवानी राहतील. आणि स्वयंसेवकाची खरी सत्ता घड्याळात आहे. एक 24 तासांची आणि दोन आठ-आठ तासांच्या सक्तीच्या विश्रांती त्याच्याच नोंदीवर टिकतात. दुसरा आक्षेप गंभीर आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही: एवढं पळवणं म्हणजे मुक्या जनावरांचे हाल नव्हेत का? 2024 च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली. त्यावर शर्यतीपाशी असलेलं सगळ्यात बरं उत्तर पुन्हा स्वयंसेवकच आहेत, ते म्हणजे पशुवैद्य. ते छातीचे ठोके, सांधे, पंजे तपासून मशरच्या वहीत लिहितात. थकलेलं कुत्रं मुक्कामावर सोडता येतं, पण त्याच्या जागी दुसरं घेता येत नाही. म्हणून स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, मशरला त्यांचं ऐकावंच लागतं. उत्तर पुरेसं आहे का? तीन कुत्री गेल्यावर ‘हो’ म्हणवत नाही. पण ही तपासणी नसती तर शर्यतीची बाजू घेणंच अशक्य झालं असतं.

मागे राहिलेल्या कुत्र्याला हौशी वैमानिक आपल्या छोट्या विमानातून फुकट परत नेतात. परगावहून आलेला स्वयंसेवक मात्र अलास्कापर्यंतचं तिकीट सहसा पदरच्या पैशानं काढतो. मान कुणाचा, हे लवकर कळतं. शेवटचा संघ निघून गेला की विष्ठेनं माखलेलं गवत दाताळ्यानं ओढून गोळा करायचं असतं, आणि त्याला मनसोक्त हात लावायला कोणताही नियम आड येत नाही.