वर्तणुकीचा दाखला

परक्याच्या नीतिमत्तेची तपासणी करण्याचा अधिकार मनुष्यजातीला कोणत्या सनदेने प्राप्त झाला, याचा कागद कोणत्याही दप्तरात सापडत नसला, तरी त्या अधिकाराची अंमलबजावणी मात्र कधीच तहकूब झालेली नाही. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील नरबळी पाहून शहारलेल्या स्पॅनिश धर्मनिष्ठांनी, स्वदेशी पाखंड्यांना जिवंत जाळण्याची वहिवाट अबाधित राखूनच, ॲझ्टेकांना रानटी ठरवले. आणि परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेला तिच्या नराच्या गोड गळ्यापोटी माफी देऊन, तिची पिले पोसणाऱ्या कावळ्याला आम्ही आजतागायत लबाडांच्या यादीत ठेवले आहे.

१९७७ साली या न्यायासनालाच आपल्या वर्तणुकीचा दाखला परग्रहावरील अज्ञात संस्कृतीपुढे रुजू करण्याची लहर आली. अमेरिकेच्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी चढवण्यात आली. तीत ५५ भाषांतील अभिवादने, त्यांत आपल्या मराठीचेही, आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी. (भैरवीबद्दल कोणत्याही ग्रहावरून तक्रार येणार नाही, प्रश्न उरलेल्या पुराव्याचा आहे.) तबकडीचा मजकूर निवडणाऱ्या, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने युद्ध, दारिद्र्य व रोगराई यांची चित्रे विचारपूर्वक वगळली, म्हणजे उमेदवारानेच दाखला लिहून त्यावर स्वतःच शिक्का मारला. शिफारशीदाखल संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा शांततेचा संदेश जोडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातर्फे बाल्कन प्रदेशात केलेली चाकरी या गृहस्थांनी आत्मचरित्रातून गाळल्याचे १९८६ साली उघडकीस आले, तेव्हा व्हॉयेजर-२ युरेनस ओलांडून गेले होते आणि दाखला परत मागवण्याची मुदत टळली होती.

अभिवादनांतच देवमाशांचे गाणेही, सदिच्छा समजूनच, मिसळलेले आहे. त्या काळी सोव्हिएत व जपानी जहाजे अंटार्क्टिक समुद्रात त्यांची शिकार करीतच होती, आणि व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. गाण्याचा अर्थ समितीत कोणालाच ठाऊक नव्हता. ते गाणे फिर्याद निघाल्यास, आपल्याविरुद्धचा अर्ज प्रतिवादीनेच स्वखर्चाने, सोन्याने मढवून, वरिष्ठ न्यायालयाकडे रवाना केल्याचा हा पहिलाच दाखला ठरेल.

अमेरिकन अंतराळ संस्थेची नैतिक दक्षता मात्र अन्यत्र गुंतली होती. नग्न स्त्रीपुरुषांचे छायाचित्र तिने नामंजूर केले, आणि त्याऐवजी त्या दोघांची बाह्यरेखा तेवढी पाठवली. इतकी खबरदारी घेतल्यावर, सुमारे चाळीस हजार वर्षांनी एखाद्या ताऱ्याच्या आसपास कोणी ती तबकडी वाजवलीच, तर आमच्या सभ्यतेविषयी त्याचा गैरसमज होण्याचे काहीच कारण उरत नाही.