घरच्या सिग्नलची वाटणी : एक मार्गदर्शिका

जमिनीची वाटणी कशी करावी हे सांगायला तलाठी असतात, वकील असतात आणि न विचारता सांगणारे मामा असतात. टीव्हीच्या सिग्नलची वाटणी कशी करावी हे सांगायला फक्त केबलवाला असतो, आणि तो सोमवारी येतो म्हणाला की गुरुवार धरून चालावे. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका काढली आहे. हॉल, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर मिळून चार टीव्ही, आणि चारही टीव्हींपुढे हक्क सांगणारी माणसे, असे कुटुंब येथे गृहीत धरले आहे. ज्यांच्याकडे एकच टीव्ही आहे त्यांनी ही मार्गदर्शिका शेजाऱ्यांना द्यावी.

पूर्वपीठिका

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागले. तेव्हा वाटणीचा प्रश्न उलटा होता : सिग्नल एक, टीव्ही एक, आणि माणसे दाराबाहेरपर्यंत. १९८७ साली 'रामायण' सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी अख्खी चाळ एका खोलीत मावत असे. तांत्रिक यंत्रणा तीन माणसांची होती. एकाने गच्चीत अँटेना फिरवायची, दुसऱ्याने जिन्यात उभे राहून निरोप पोचवायचा आणि तिसऱ्याने खोलीतून "आलं, आलं... गेलं!" असे ओरडायचे. नव्वदीत केबल आली, वाहिन्या वाढल्या, मग टीव्ही वाढले, आणि वाटणी अटळ झाली.

कलम १ : हिस्सेदारांची यादी

कोणतीही तार ओढण्यापूर्वी संध्याकाळी सात ते दहा या वेळेत कोणाला काय पाहायचे असते, ते कागदावर मांडावे. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : सगळ्या खोल्यांत एकच कार्यक्रम चालेल, की प्रत्येक खोलीत वेगळा हवा? "एकच चालेल की, त्यात काय!" असे उत्तर देणाऱ्याच्या हातात रिमोट असतो. त्याचे मत मोजू नये.

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळा खर्च त्याच्यावर ठरतो. केबल ॲनालॉग होती तोवर एकाच तारेतून सगळ्या वाहिन्या घरात येत आणि प्रत्येक टीव्ही आपापली निवडून घेई. ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत आणि मार्च २०१३ अखेर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत केबल डिजिटल करण्याची मुदत ठरली आणि टीव्हीशेजारी सेट-टॉप बॉक्स येऊन बसला. साधा बॉक्स एका वेळी एकच वाहिनी उलगडतो. त्याच्या पुढे तार फोडून चार खोल्यांत नेली तर चारही खोल्यांत तीच वाहिनी दिसते. हॉलमध्ये बातम्या लागल्या की स्वयंपाकघरातही बातम्या, आणि कढीत मीठ पडले की नाही याकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

वेगळे पाहायचे असेल तर टीव्हीगणिक बॉक्स लागतो आणि त्याचे पैसे पडतात. एकाच नावावरच्या दुसऱ्या व पुढच्या टीव्हीसाठी मूळ नेटवर्क शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकारू नये, असे दूरसंचार नियामक 'ट्राय'ने जानेवारी २०२० मध्ये ठरवले होते. २०२४ मध्ये शुल्काची कमाल मर्यादाच काढून दर ठरवणे कंपन्यांवर सोपवले. म्हणून आधी दर विचारावा, मग टीव्ही घ्यावा. प्रत्यक्षात हा क्रम पाळल्याचे कोणत्याही घरात आढळत नाही.

कलम २ : स्प्लिटर, अर्थात प्रत्यक्ष वाटणी

स्प्लिटर ही बोटभर लांबीची पत्र्याची डबी असते. एका बाजूने तार आत जाते, दुसऱ्या बाजूने दोन, चार किंवा आठ बाहेर पडतात. डबीत नवा सिग्नल तयार होत नाही, आहे तोच वाटला जातो. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन डेसिबलची घट येते, म्हणजे निम्म्याहून थोडा कमी हिस्सा मिळतो. चार वाटांना घट सातच्या आसपास, आठ वाटांना अकराच्या आसपास. वडिलोपार्जित दहा एकरांचे चौथ्या पिढीत काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

येथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, "पुढेमागे लागेल" म्हणून आठ वाटांचा स्प्लिटर बसवणे. टीव्ही तीन असले तरी हिस्से आठ पडतात, आणि पाच हिस्से अजून न जन्मलेल्या वारसांच्या नावे राहतात. दुसरी, रिकाम्या वाटा उघड्या ठेवणे. उघड्या तोंडावरून सिग्नल परत फिरतो आणि बाकीच्यांच्या चित्रात लुडबुड करतो. अशा तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर बसवावा. तो अगदी स्वस्त मिळतो, म्हणूनच कोणी आणत नाही.

जुन्या काळी हिस्सा कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत. मुंग्यांतूनही फलंदाज कोण ते ओळखू येई, आणि ओळखता न आले तरी वाद घालता येई. डिजिटल सिग्नल असा तडजोडवादी नाही. तो काठावर असेपर्यंत लख्ख दिसतो आणि काठ ओलांडला की चित्राचे चौकोन चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. नेमका कोणत्या प्रसंगी, हे मालिका पाहणाऱ्यांना विचारावे.

कलम ३ : छत्रीची वाटणी

ज्यांच्याकडे डीटीएच आहे त्यांनी हे कलम दोनदा वाचावे. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे महाराष्ट्रातली छत्री दक्षिणेच्या अंगाला तोंड करून बसते. ज्यांची गॅलरी उत्तरेला आहे त्यांनी गच्चीसाठी सोसायटीकडे अर्ज करावा आणि पुढच्या वार्षिक सभेची वाट पाहावी.

छत्रीच्या तोंडाशी जो ठोकळा असतो त्याला एलएनबी म्हणतात. तो आकाशातून आलेल्या लहरी खालच्या पट्ट्यात, साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणून तारेत सोडतो. केबलसाठीचा स्वस्त स्प्लिटर बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो आणि त्याच्या अंगावर तसे छापलेलेही असते. अंगावर छापलेले वाचण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

योग्य पट्ट्याचा स्प्लिटर आणला तरी भांडण मिटत नाही. बॉक्स त्याच तारेतून एलएनबीला वीज पाठवतो आणि उभ्या लहरी हव्यात की आडव्या, हे व्होल्टेजवरून सांगतो : १३ व्होल्ट म्हणजे उभ्या, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या. एका तारेवर दोन बॉक्स जोडले, आजींच्या बॉक्सने १३ मागितले आणि नातवाच्या बॉक्सने १८, तर एलएनबी जास्त व्होल्टेजवाल्याचे ऐकतो. आजींची वाहिनी जाते आणि दोष मात्र पावसाला मिळतो. यावर उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र तार देणे. बॉक्स त्याहून जास्त असतील तर मल्टिस्विच बसवावा. थोडक्यात, ज्याला त्याला स्वतंत्र बांध द्यावा.

कलम ४ : तार

आतला गाभा जाडसर असलेली आरजी-६ तार घ्यावी. ती ३० मीटरमागे, केबलच्या वरच्या पट्ट्यात, सुमारे सहा डेसिबल खाते. बारीक आरजी-५९ त्याहून जास्त खाते. जोड एफ कनेक्टरने, दाबपक्कडीने घट्ट करावेत. दोन तारा सोलून, पिळून, काळी चिकटपट्टी गुंडाळण्याला आपल्याकडे 'जॉइंट मारणे' म्हणतात. तेथे ७५ ओहमचे गणित मोडते आणि सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने परत जातो.

भिंतीतून आधीच पाइप टाकलेला असेल तर त्यातून तार न्यावी. तो पाइप रंगकामात बुजलेला असणार, हे गृहीत धरून खिडकीच्या फटीतून न्यावी. खिडकीतून आत येण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते. झोळ नसेल तर कोकणातला पहिला पाऊस तारेवरून थेट कनेक्टरमध्ये शिरतो आणि गणपतीपर्यंत तेथेच मुक्काम करतो.

कलम ५ : बूस्टर

सिग्नल कमी पडला की प्रत्येक दुकानदार बूस्टर पुढे करतो. बूस्टर सिग्नलबरोबर त्यातली खरखरही वाढवतो. म्हणून तो वाटणीच्या आधी, सिग्नल शाबूत असलेल्या जागी लावावा. चार खोल्या फिरून थकलेल्या सिग्नलला शेवटच्या टीव्हीपाशी बूस्टर लावणे म्हणजे निव्वळ आवाज चढवणे. वृत्तवाहिन्यांवर हा प्रयोग रोज रात्री नऊ वाजता पाहता येतो.

कलम ६ : एचडीएमआय

एका बॉक्सचे स्वच्छ चित्र अनेक टीव्हींवर हवे असेल तर एचडीएमआय स्प्लिटर घ्यावा. दुकानात त्याच्याच शेजारी एचडीएमआय स्विच असतो. त्याचे काम उलटे : अनेक यंत्रे एका टीव्हीला जोडणे. चुकीचा घरी आणला तर बदलून मिळत नाही. साधी एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरपुढे दगा देते. त्यापलीकडच्या खोलीसाठी कॅट-६ तारेवर चालणारा एक्स्टेंडर लागतो. शिवाय एक फोर-के आणि एक जुना टीव्ही जोडला, तर पुष्कळ स्प्लिटर जुन्याला झेपेल तेवढेच चित्र दोघांनाही देतात. घरातल्या ज्येष्ठांचा मान यंत्रांतही राखला जातो, याची नवीन टीव्हीवर कर्ज काढलेल्यांनी नोंद घ्यावी.

कलम ७ : वाय-फाय

"आता तारा कशाला? सगळं वाय-फायवर," असे घरातला सर्वांत धाकटा हिस्सेदार म्हणेल. राउटर मात्र हॉलमध्ये, लोखंडी कपाटामागे, दिसायला बरे दिसेल अशा जागी ठेवलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात पण त्यांत गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असतात, पण काँक्रीटच्या दोन भिंती आडव्या आल्या की गळपटतात. म्हणून जो टीव्ही जागचा हलणार नाही, त्याला इंटरनेटही तारेनेच द्यावे.

क्रिकेटच्या दिवसांत एक विशेष काळजी घ्यावी. ॲपवरचे थेट प्रक्षेपण केबलच्या मागे असते आणि हे अंतर अर्ध्या मिनिटाचेही होऊ शकते. हॉलमध्ये विकेट पडून आजोबा ओरडतात, तेव्हा बेडरूममधल्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटला पुसत असतो. अशा घरांत वाटणी झालेली नसून एका हिस्सेदाराला दुसऱ्याचे भविष्य कळू लागलेले असते. सामन्यापुरते सर्वांनी एकाच प्रकारच्या सिग्नलवर यावे किंवा आजोबांना मौन पाळण्यास सांगावे. पहिला उपाय सोपा आहे.

कलम ८ : रिमोट

रिमोटचा किरण अवरक्त असतो आणि तो भिंतीतून जात नाही. बॉक्स हॉलमध्ये आणि टीव्ही बेडरूममध्ये असेल तर आयआर एक्स्टेंडर घ्यावा : एक डोळा बेडरूममध्ये, एक दिवा बॉक्ससमोर. तो घेतल्यावर एकाच बॉक्सवर दोन खोल्यांचे राज्य सुरू होते. हॉलमध्ये कीर्तन रंगात आले असता पडद्यावर अचानक मारामारी दिसू लागली, तर टीव्ही बिघडलेला नाही, बेडरूममध्ये कोणीतरी जागे आहे. एक्स्टेंडर परवडत नसेल त्यांनी "अरे, जरा चॅनल बदल रे!" ही पारंपरिक पद्धत वापरावी. तिला बॅटरी लागत नाही, पण ऐकणारा वयात येईपर्यंतच ती चालते.

कलम ९ : नोंद

सर्व जोडणी झाल्यावर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी : कोणत्या खोलीची, कोणत्या बॉक्सची, स्प्लिटरच्या कितव्या वाटेची. सगळा आराखडा कागदावर काढून मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. बिघाड होईल त्या दिवशी तारा जोडून देणारा मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असेल, आणि माळ्यावर एकसारख्या काळ्या तारांचा गुंता कोणाचाच नसेल. जमिनीची असो वा सिग्नलची, वाटणी तोंडी करू नये. लिहून ठेवावी.