ब्रह्मज्ञान फक्त घरच्यांसाठी

२०१० साली आयपॅड बाजारात आला. ‘तुमच्या मुलांना आवडला असेल ना?’ असं एका पत्रकाराने विचारलं, तर स्टीव्ह जॉब्स म्हणाले, त्यांनी अजून तो वापरलेलाच नाही! बिल गेट्स यांच्या घरी मुलांना चौदा वर्षांचं होईपर्यंत मोबाइल नव्हता. स्नॅपचॅटच्या इव्हान स्पीगल यांच्या सावत्र मुलाला २०१८ साली स्क्रीन आठवड्याला दीड तास होता. आणि त्यांची गिऱ्हाइकं? आपल्या घरी मोबाइल समोर धरल्याशिवाय वरणभाताचा घास पोराच्या घशाखाली उतरत नाही. जाहिरातीच्या पाच सेकंदांतही भोकाड तयार असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणावं, तर इथे उलटाच कारभार : ब्रह्मज्ञान घरच्यांसाठी राखीव, लोकांना मात्र नोटिफिकेशन.