वंगणभाऊ

वंगणभाऊ कुणाच्याही घरी गेला की आधी दार दोनदा उघडून लावून बघतो, मग रामराम घालतो. बिजागरी गप्प असली तर त्याचा चेहरा जरा पडतोच. कुरकुरली तर मात्र तो क्षणात घरचा होतो. खिशातून बाटली निघते, चिंधी निघते, आणि चहाला उकळी फुटायच्या आत दार मुकं झालेलं असतं. एका घरी तो सांत्वनाला गेला होता. माणसं रडत होती आणि हा झोपाळ्याच्या कडीकडे टक लावून बसलेला. दहाव्याला पुन्हा आला तो ग्रीसची डबी घेऊनच. म्हातारा गेल्याचं त्याला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण म्हाताऱ्याच्या बाबतीत आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, कडीच्या बाबतीत होतं.

उधव्याकडे ही जमात दुर्मिळ नाही. तलासरी तालुक्यातली पुष्कळ माणसं वापी, उंबरगाव, सिल्वासाच्या कारखान्यांत पाळ्या करतात. त्यातला जो मेंटेनन्सला असतो, त्याची निवृत्तीनंतर कंपनी सुटते, कान सुटत नाही. तिकडे बेअरिंगचा सूर बदलला की सुपरवायझर धावत यायचा. इकडे हातपंप किंचाळत असतो आणि बायका निवांत हंडा भरत असतात. वंगणभाऊला हे बघवत नाही. “हा इंडिया मार्क टू आहे,” तो रांगेला सांगतो, “सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात तयार झाला. आपल्या महाराष्ट्राचं रक्त आहे त्यात! त्याच्या साखळीला ग्रीस नको?” रांग म्हणते, “हवं की. पण आधी आमचे हंडे भरू दे, मग लाव.”

त्याची खरी परीक्षा पाहिली ती शेजारच्या आजींच्या बंबाने. आजींच्या लेकाने बंबाच्या तळाला एका वर्कशॉपमधून नवी बिडाची जाळी बसवून आणली होती, हलवायच्या दांड्यासकट. दांडा मागेपुढे केला की राख खाली, निखारे वर. सळईने ढोसत बसायला नको. सोय उत्तम, आवाज मात्र असा, की आजी आंघोळीला निघाल्याची बातमी पहाटे पाचला अख्ख्या आळीला कळायची. लेकाने त्यावर उपाय म्हणून खोबरेल ओतलं. आगीत तेल ओतणं इतक्या इमानदारीने क्वचितच कुणी केलं असेल. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी जळकट वास आणि आवाज पहिल्यापेक्षा घोगरा.

वंगणभाऊला बोलावलं नव्हतं. तो आला.

“तेल?” असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर वैद्याने भगताचा अंगारा पाहिल्यासारखा भाव होता. मग प्रवचन सुरू झालं. निखाऱ्याशेजारी तेल टिकत नाही. जळून त्याचा चिकटा होतो, चिकट्यावर राख बसते आणि राखेचा तो लेप दांड्याच्या खिळीला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. शिवाय लोखंड तापलं की फुगतं. थंडपणी नेमकी बसणारी खीळ गरम झाली की भोकात अडकू शकते. पावसाळी हवेत ओल्या राखेने गंज धरतो, तो वेगळाच. म्हणून बंब विझवायचा, पुरता थंड होऊ द्यायचा, जाळी काढून तारेच्या ब्रशने घासायची, खिळीला कानस मारून केसभर ढिलाई द्यायची, आणि वंगण लावायचं ते कोरडं. कोरडं म्हणजे ग्रॅफाइट. हवेत साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. ते मिळतं कुठे? आजींच्या नातीच्या कंपासपेटीत. चित्रकलेची सहा-बी पेन्सिल सोलून, शिसं कुटून, बोटाने खिळीवर चोळलं गेलं. नातीचा आक्रोश हा त्या दिवसातला एकमेव आवाज, ज्यावर वंगणभाऊकडे इलाज नव्हता.

बंब गप्प झाला. माणसाने इथे थांबावं. पण या जातीला काम संपल्यावर कारण सांगायची हुक्की येते.

“आजी, आवाज का होतो? खीळ चिकटते, ताण साठतो, मग एकदम निसटते. परत चिकटते, परत निसटते. सेकंदात शेकडो वेळा. व्हायोलिनही असंच वाजतं. आणि आपला धुंदलवाडीचा भूकंपही असाच!”

भूकंप म्हटल्यावर आजी सावरून बसल्या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जे धक्के सुरू झाले, त्यांत इथल्या माणसांनी थंडीच्या रात्री अंगणात काढल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का तर ४.१ तीव्रतेचा होता. तेव्हापासून मांडणीवरचं ताट जरा खणखणलं तरी घर दाराकडे बघतं. त्या काळात वंगणभाऊ प्रत्येक धक्क्यानंतर पाना घेऊन लोकांच्या पत्र्यांचे सैल नट आवळत फिरायचा. फार कामाचा माणूस, हेही सांगायला हवं.

“जमिनीखालच्या भेगांचंही हेच,” तो रंगात आला, “चिकटून बसतात, ताण धरतात, निसटतात. आणि शास्त्रज्ञांनी पावसाच्या पाण्याकडेही बोट दाखवलंय. ते भेगांत मुरतं, पकड ढिली होते.”

आजींनी विचार केला. “म्हणजे भेगेला वंगण मिळालं आणि जमीन सुटली.”

“अगदी बरोबर!”

“मग तू गावभर बाटली घेऊन काय करत फिरतोस रे?”

वंगणभाऊ बराच वेळ कानस पुसत राहिला. “आजी,” तो शेवटी म्हणाला, “जाळीला सुटायचंच असतं. जमिनीने धरून ठेवायचं असतं.”

“बरं,” आजी म्हणाल्या. “मग हिची पेन्सिल कधी आणून देतोस?”