हळद्याचा सातबारा

महसूल खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी केली की माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू दिसली की तिचा मालक कोण, कब्जा कुणाचा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाकुणाची नावं, हे मनातल्या मनात भरलं जातं. निवृत्त होऊन मी जळकोटला घरी आलो तेव्हा ही खोड बरोबर आली. तिच्या मागोमाग चौथ्या दिवशी हळद्या आला.

हळद्या म्हणजे कुत्रं. रंग खंडोबाच्या भंडाऱ्यासारखा, एक कान उभा, एक पडलेला. सकाळची भाकरी माझ्या दारात, दुपारची झोप शेजारच्या काकूंच्या शेळीला टेकून, रात्रीचा मुक्काम दोन घरांच्या मधल्या बोळात. मी त्याला हळद्या म्हणतो, काकू टायगर म्हणतात. भाकरीच्या वेळी तो दोन्ही नावांना धावत येतो. चप्पल पळवल्यावर एकालाही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात बोळात घोणस निघाली आणि यानं भुंकून दोन्ही घरं जागी केली. काकू आठवडाभर पाणवठ्यावर सांगत होत्या, ‘‘आमच्या टायगरनं वाचिवलं बया.’’ मी पारावर सांगत होतो, ‘‘आमच्या हळद्यानं.’’ गावात दोन शूर कुत्री आहेत असा काही जणांचा समज झाला. आम्हीही तो मोडला नाही.

मग मार्गशीर्ष आला आणि गावातल्या तात्यांची तूर शेंगांवर आली.

काकूंची शेळी अस्सल उस्मानाबादी. काळीभोर अंग, लोंबते लांब कान, आणि वेताला बहुतेकदा जुळी. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिच्या नावाच्या बदलाचा कागद कुणी काढलाच असेल तर तिनं तो खाल्ला असणार, असा माझा अंदाज आहे. कारण माझ्या पेन्शनच्या पुस्तकाचं मागचं पान तिनंच खाल्लंय.

तर ही शेळी दावं तोडून तात्यांच्या तुरीत गेली. तिच्या मागं सोबत म्हणून हळद्या गेला. तात्यांनी शेळीचा कान धरला आणि ‘‘चल, कोंडवाड्यात घालतो तुला,’’ म्हणून ओढत बांधावर आणली. शेळी ओरडली. हळद्यानं क्षणभर विचार केला असावा; मग त्यानं तात्यांची उजवी पोटरी धरली.

तात्या लंगडत आमच्या बोळात आले, एका हातात शेळी, दुसऱ्या हातात काठी, आणि त्यांनी असा प्रश्न विचारला की जो माझ्या खात्यात रोज दहादा विचारला जायचा.

‘‘कुणाचं हाय हे कुत्रं?’’

मी काकूंकडं पाहिलं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

‘‘भाऊसाहेबांचं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नाव त्यांनीच ठिवलंय.’’

‘‘नाव ठेवल्यानं मालकी लागत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मुक्काम तुमच्या शेळीजवळ असतो. वहिवाट तुमची.’’

‘‘भाकरी कुणाची खातंय?’’

‘‘तुमचीही खातंय की!’’

ज्याची आठवडाभर आम्ही फुशारकी मारली होती, तो हळद्या आमच्या दोघांच्या मधे बसून कान खाजवत होता. जमीन असती तर एव्हाना मोजणी मागवली असती.

भाचा सोलापूरला वकिलीचं शिकतो. त्याला फोन लावला. पोटरीची हकीकत ऐकून तो आनंदला, म्हणजे अभ्यासाच्या अंगानं आनंदला. ‘‘मामा, आधी दोनशे एकोणनव्वद होतं, आता भारतीय न्याय संहितेत दोनशे एक्क्याण्णव. जनावराच्या बाबतीत हयगय. सहा महिने, नाहीतर पाच हजार दंड, नाहीतर दोन्ही.’’

‘‘पण कुत्रं माझं नाही.’’

‘‘कायदा मालक विचारतच नाही. ताब्यात कुणाच्या होतं, एवढंच विचारतो. आणि प्राण्यांच्या छळाचा १९६० चा कायदा तर मालकाच्या व्याख्येतच ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याला धरतो, खऱ्या मालकाची संमती असो वा नसो.’’

तेहतीस वर्षं मी लोकांना ‘कब्जा वेगळा, मालकी वेगळी’ असं बजावत आलो. आणि इथं एक गावठी कुत्रं दोन्ही रकाने एकत्र करून बसलं होतं. मी शेवटचा खडा टाकून पाहिला, की वहिवाटीनं जमिनीची मालकी सांगायला बारा वर्षं लागतात, हळद्याला येऊन दोनच झालीत. भाचा म्हणाला, ‘‘मामा, चावायला बारा वर्षं लागत नाहीत.’’

फोन स्पीकरवर असल्यामुळं काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या पदर खोचून म्हणाल्या, ‘‘मग चावला तवा कुठं हुता? तात्यांच्या तुरीत. म्हंजे ताबा तात्यांचाच न्हवं का?’’ हा युक्तिवाद कोर्टापुढं टिकला नसता, पण तात्या मिनिटभर गप्प झाले.

‘‘बांधून ठिवत जावा की मग,’’ तात्या म्हणाले. भाच्यानं फोनमधून सांगितलं, की सतत साखळीला बांधून फिरवायलाच नेलं नाही तर तोही छळ. म्हणजे मोकळं सोडलं तर एक कलम, बांधून घातलं तर दुसरं. तात्यांनी काठी उगारून विचारलं, ‘‘आन् ह्यो घातला तर?’’ जिवे मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत. नुसतं बडवलं तर त्या १९६० च्या कायद्यात पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. दहा रुपये! पारावरच्या चहाच्या दरात. त्या साली दहा रुपयांना काय यायचं हे तात्यांच्या वडिलांना ठाऊक असेल. आज तात्यांनी खिसा चाचपला आणि काठी खाली ठेवली. सुटे नसावेत.

राहिली शेळी. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ चा. इंग्रजांनी तो केला तेव्हा आम्ही निजामाचे होतो, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलो. पण कोंडवाडा ही चीज कुठल्याही राजवटीत गावाला शिकवावी लागत नाही. त्या कायद्यात पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं धरावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं असं आहे. गुरांच्या व्याख्येत शेळी आहे, करडू आहे, गाढव आहे, डुक्कर आहे, उंट आहे, हत्तीसुद्धा आहे. तात्यांच्या तुरीत हत्ती शिरला असता तर त्याला कानाला धरून कोंडवाड्यात न्यायचा हक्क तात्यांना होता. कुत्रं तेवढं व्याख्येत नाही. कोंडवाड्याचं दार शेवटचं कधी लागलं हे सांगू शकणारी माणसं आमच्या ओट्यावर दोनच उरलीत, आणि दोघं वेगवेगळं साल सांगतात.

या सगळ्यात पोटरीकडं कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंनी लगबगीनं मिरचीपूड आणली. इथं मात्र मी कारकुनी सोडली. तात्यांना नळाखाली बसवलं आणि साबण लावून घड्याळात पाहून पंधरा मिनिटं पाणी सोडलं. मिरची नाही, चुना नाही. पोटरीवर चार दातांच्या खुणा होत्या, दोन खोल. कलमात जबर दुखापतीचा धोका म्हटलंय. ही जबर की साधी, हे मी डोळ्यानं मापायला लागलो होतो, तेवढ्यात तात्या हळूच म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, पिसाळलेलं तर न्हाई?’’

सत्तरीचा माणूस. आमच्या लहानपणी वस्तीवरचा एक गडी कुत्रं चावून गेला होता. पाणी पाहून कसा ओरडायचा, ते तात्यांनी पाहिलं होतं, मीही. पिसाळल्याचा रोग माणसाला एकदा लागला की त्यावर उतारा नाही, जे काय करायचं ते आधी.

माझ्या कपाटात तिसऱ्या फडताळावर, घरपट्टीच्या पावत्यांखाली, एक पिवळं कार्ड होतं. सहा महिन्यांपूर्वी हळद्याला मी गुपचूप रेबीजची लस टोचून आणली होती. कार्डावर तारीख होती, शिक्का होता, आणि ‘मालकाचे नाव’ या ओळीवर माझं नाव होतं, माझ्याच वळणदार अक्षरात. लोकांचे वाद कागदानं मिटवत गेलो आणि स्वतःच्या विरुद्धचा एकमेव पुरावा स्वतःच तयार करून, अनुक्रमांक घालून, जपून ठेवला.

खोटं कशाला सांगू, मी ते कार्ड लगेच काढलं नाही. दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेताना विचारलं गेलं, ‘कुत्रं पाळीव का मोकाट?’ तेव्हा तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीकडं. इंजेक्शनं पुरी घ्यायची, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं धरतात. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सातला तात्या दारात उभे.

‘‘कुत्रं बरं हाय नव्हं?’’

मी आत गेलो, कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. ‘‘लस झालीया,’’ म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले. मालकाच्या ओळीपर्यंत ते गेलेच नाहीत. काकू गेल्या. ‘‘बगा! कागुद बोलतोय!’’ असं त्या जे म्हणाल्या ते बहुधा नळदुर्गच्या किल्ल्यात ऐकू गेलं असेल.

कार्ड असलं तरी इंजेक्शनं आणि दहा दिवस चुकत नव्हते. मग त्या दहा दिवसांत आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते कुठल्या कलमात नाही. तात्या रोज सकाळी हळद्याच्या तब्येतीची चौकशी करायला येत. रिकाम्या हातानं आजाऱ्याला भेटू नये म्हणून येताना भाकरी आणत. तिसऱ्या दिवसापासून भाकरीवर दूध. खाल्लं का, पाणी प्यालं का, जबडा लोंबतोय का. हळद्यानं एकदा जांभई दिली तर तात्यांचा घास अडकला. ज्याला चावलं त्यानं चावणाऱ्याला ‘खा रं बाबा, खा’ म्हणून आर्जवं करावीत आणि चावणाऱ्यानं दुधावरची साय तेवढी चाटून तोंड फिरवावं, असं राज्य फक्त कुत्र्यालाच लाभतं. आणि काही खुर्च्यांना. पण ते मी नोकरीत असताना.

तडजोड पारावर झाली. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हापासून आमच्याकडं भांडण मिटवायला बसलं की कुणीतरी आबांचं नाव काढतंच. तिथं त्या दिवशी दिल्लीच्या कुत्र्यांवरही चर्चा झाली. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं होतं, आणि २२ तारखेला तिघांच्या पीठानं सांगितलं, की नसबंदी करा, लस टोचा आणि उचलली तिथंच परत सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवून घ्या. अकरा दिवसांत बदली रद्द करून मूळ जागी हजर होणारा कुणी मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

शेवटी एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. ‘‘आपला अणदूरचा खंडोबा घ्या. देव एक, देवळं दोन. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने मैलारपूरला. न्हेताना-आणताना लेखी करार. दोन गावं देव वाटून घेत्यात, तुमाला कुत्रं वाटून घ्याया येईना?’’ खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, त्यामुळं दाखला कुणाला खोडता येईना. मी पाचशेच्या स्टॅम्पावर मसुदा केला: लस आणि पट्टा निम्मानिम्मा, दिवसा काकूंकडं, रात्री माझ्याकडं, चावा निघाल्यास दोघं मिळून. इंजेक्शनांसाठी तात्यांचं एसटीचं भाडं मी द्यायचं. तुरीबद्दल काकूंनी शेळीला जुळी झाली तर एक करडू द्यायचं. एकच झालं तर पुढच्या वेताला. काकूंनी अंगठा नाही, सही केली, आणि ती माझ्यापेक्षा सुबक निघाली.

पट्टा मी ऑनलाइन मागवला. तो लातूर जिल्ह्यातल्या जळकोटला गेला. आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग सोडलं की लागणारं. ते दुसरं स्वतःच तालुक्याचं गाव. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा काढला तेव्हा भावकीच्या वाटणीसारखं दोन्ही जिल्ह्यांना एकेक जळकोट आलं, आणि पार्सलं अजून वाटणी न झाल्यासारखी फिरतात. पट्टा पोचायला सतरा दिवस लागले.

तोवर दुधाची सवय लागलेला हळद्या करार न वाचताच निघून गेला होता. दोन दिवस तो ना बोळात दिसला, ना शेळीपाशी. काकू म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडं रातचं असतंय की.’’ मी म्हणालो, ‘‘मला वाटलं तुमच्याकडं.’’

पट्टा घेऊन मी तात्यांच्या शेताकडं निघालो. तूर कापणीला आली होती. बांधाला पाय लागतोय तोच माझ्यावर एक पिवळा लोळ धावून आला, एक कान उभा, एक पडलेला, आणि माझ्या धोतरापासून हातभर अंतरावर उभा राहून असा भुंकला की जणू दोन वर्षं त्यानं माझी एकही भाकरी खाल्ली नव्हती. मी पट्टा छातीशी धरून उभा.

खळ्यावरून तात्यांनी हात हलवला.

‘‘या की भाऊसाहेब, या! आमचं न्हाई चावत!’’

मी तिथंच उभ्या उभ्या, मनातल्या मनात, तात्यांच्या नावावर फेर ओढला.